आमच्या सफरचंदातलं ॲसिड

कलोटी, कोटखाईच्या वर
भाद्रपद लागला आहे. तारीख कॅलेंडर सापडल्यावर घालतो

परमपूज्य समधीजी,

आपला व्याही लायकराम चौहान याचा दोन्ही हात जोडून, टोपी काढून नमस्कार. आपल्या आशीर्वादाने इकडे सर्व कुशल आहे (सर्व म्हणजे मी, आपल्या ऋचाच्या सासूबाई, दोन्ही गाई आणि कुत्रा, बाकीच्यांचं खाली लिहितो). समधीणबाईंचा मोतीबिंदू काढला असं कळलं. फार आनंद झाला. त्यांना आता बारीक अक्षरसुद्धा दिसत असेल, तेव्हा हे पत्र त्यांच्या हाती पडणार नाही एवढं पाहावं. आपल्या गुडघ्याचं काय? रामपूरला सतलजच्या काठी उकाडा असतो, त्यानं गुडघ्याला आराम पडतो म्हणतात, आणि दमट हवेनं दुखतो असंही म्हणतात, म्हणजे एकूण काय ते आपणच जाणे. फोन केला असता, पण आपण फोन कानाला न लावता टेबलावर ठेवून मोठ्यानं बोलता, आणि मग तो समधीणबाई, शेजारी आणि दूधवाला असे सगळेच ऐकतात. म्हणून पत्र.

आता मुद्दा. रोहडूकडच्या पाहुण्यांकडून आपल्या कानावर आलं असेल की आपल्या मुलीनं आमच्या बागेतल्या सफरचंदांत ॲसिड घातलं. समधीजी, हे साफ खोटं आहे. ॲसिड त्यांत आधीपासूनच होतं. (हे वाक्य लिहून झाल्यावर मला ते पहिल्यापेक्षा वाईट वाटायला लागलं आहे. पण शाईनं लिहिलंय, आता राहू दे.)

झालं असं. ऋचा यंदा सीझनच्या तोंडावर सोलनहून आली ती दोन खोकी, एक बर्फाची पेटी आणि काचेच्या नळ्यांची घोडी घेऊन. तिकडे तिच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सफरचंद पोचेपर्यंत शिळं होतं, आणि तिला पाहिजे असतं झाडावरून उतरल्या उतरल्या. आम्ही म्हटलं, घरची बाग आहे, ने पोरी पाहिजे तेवढी. मागची खोली, जिथं आम्ही फवारणीचे डबे ठेवत होतो, ती तिला झाडून दिली. फ्रिजचा वरचा कप्पा दिला. तिच्या सासूबाईंनी लोण्याचं भांडं स्वतः उचलून खाली ठेवलं. या घरात ते भांडं मी हलवलं असतं तर काय झालं असतं ते आपल्याला लग्नात आमच्या घराची जी ओळख झाली त्यावरून समजेलच. विक्रांतला, म्हणजे आपल्या जावयांना, शिमल्याच्या बँकेतून सुटी मिळाली नाही, त्यामुळे सून एका खोलीत सफरचंदं वाटतेय आणि आम्ही दोघं बाहेर सफरचंदं तोडतोय असं चाललं होतं. छान चाललं होतं.

एका दुपारी मी तिला चहा द्यायला गेलो. (सासरा सुनेला चहा देतो हे गावात कळू देऊ नये. पण कळलंय.) ती एका लहानशा बाटलीतली पांढरी पूड काट्यावर जोखत होती, तीही अशी की जशी सोनाराकडे नथ जोखतात. मी विचारलं, “हे काय गं?” आणि समधीजी, इथंच माझी चूक झाली, कारण आपली मुलगी विचारलेल्याचं उत्तर देते. पूर्ण देते.

“बाबूजी, सफरचंद कडक का असतं?”

मी म्हटलं, “चांगलं असतं म्हणून.”

ती हसली. मग म्हणाली की फळाच्या आत पेक्टिन नावाचं काहीतरी असतं, ज्यानं जॅम घट्ट होतो तेच, आणि ते म्हणजे समजा मण्यांची एक लांब माळ. अशा माळा एकमेकींत अडकून असतात तोवर फळ कडक. प्रत्येक मण्याचं नाव, तिनं सांगितलं, गॅलॅक्ट्युरॉनिक ॲसिड. (हे नाव ऐकताना मला नारकंड्याच्या उतारावर बस वळणामागून वळण घेतेय असं वाटलं. लिहिताना तिच्या पुस्तकातून अक्षर अक्षर पाहून लिहिलंय.) फळ पिकायला लागलं की त्याच्या आतलीच कात्री, तिचंही नाव आहे, पण ते मी विचारलं नाही, ती माळ कापत सुटते. मणी सुटे होतात, फळ मऊ पडतं. किती मणी सुटले ते ऋचा मोजते. आणि बाटलीत आहेत ते विकत आणलेले शुद्ध सुटे मणी, ताडून पाहायला. दुकानदार काट्यावर शेराचं माप ठेवतो तसं.

“म्हणजे हे ॲसिड?” मी विचारलं.

“हो. पण साखरेपासून झालेलं. साखरेचंच ॲसिड.”

“मग गोड की आंबट?”

“बाबूजी, तसा प्रश्नच नाही हा.”

मी मान डोलावली. तिनं परत सांगितलं, मी परत डोलावली. मण्यांपर्यंत मी तिच्याबरोबर होतो, आपली शपथ. पण माळ साखरेची, मणी ॲसिडचा, आणि मणी सुटला तरी ॲसिडचाच, पण मग माळेत असताना तो साखर होता की ॲसिड, इथं येऊन माझा पाय घसरला तो अजून वर आलेला नाही. ती मात्र खूश. म्हणाली, “घरात कुणीतरी ऐकून घेतलं.” त्यानंतर तिला काही विचारणं मला शक्य आहे का, आपणच सांगा.

आता रोशनलाल. रोशनलाल चांटा म्हणजे ज्याची बाग आमच्या बागेला लागून आहे, आणि आमच्या अक्रोडाची सावली त्याच्या झाडांवर पडते म्हणून ज्याचं डोकं उन्हातसुद्धा तापलेलं असतं तो. तो चहाच्या दुकानावर मला म्हणाला, “सुनेनं मागच्या खोलीत काय भट्टी लावलीय काय? रात्रंदिवस खुडबुड चालते.” ही दारूची भट्टी म्हणत होता तो, समधीजी, आपल्या मुलीबद्दल. मला राग आला. मी छाती काढून म्हटलं, “शोध चाललाय तिथं. आमच्या सफरचंदात ॲसिड निघालंय.” मला वाटलं हा जळेल.

“कुणाच्या सफरचंदात?”

“आमच्या.” मी म्हटलं. “फक्त आमच्या.” (हे ‘फक्त’ तिनं सांगितलं नव्हतं. ते मी घातलं.)

तो जळला नाही. तो चहा अर्धा टाकून उठला. संध्याकाळपर्यंत गोष्ट खालच्या वस्तीत पोचली ती अशी की चौहानांच्या मातीतून ॲसिड वर येतंय. दुसऱ्या दिवशी वरच्या वस्तीतून परत आली ती अशी की चौहानांनी रंग चढावा म्हणून फळांवर ॲसिड मारलं, आणि त्यांच्याच सुनेनं ते पकडलं, बिचारी इमानदार आहे म्हणून. आमच्याकडे पेट्या भरायला येणाऱ्या नेपाळी बायका हातांना फडकी गुंडाळून आल्या. आणि चंदिगढचे मनचंदाजी, जे दरवर्षी आमच्या बागेत बसून सिड्डू खातात, तुपाची वाटी दुसऱ्यांदा मागतात आणि सगळा माल उचलतात, ते यंदा आले, झाडांपासून लांब रस्त्यावरच उभे राहिले, नाकाला रुमाल लावून म्हणाले, “चौहानसाहेब, मी जरा विचार करून कळवतो,” आणि गेले. माल झाडावर पिकतोय, आणि गिऱ्हाईक विचार करतंय. सफरचंद विचार करत नाही, समधीजी. ते मऊ पडतं.

ऋचाला हे सगळं कळलं तेव्हा ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “मी सांगते ना सगळ्यांना. न समजण्यासारखं काय आहे त्यात?” आणि आमच्या पंचायतीच्या प्रधान बिमला मेहतांनी पंचायतघरात सगळ्यांना बोलावलं. प्रधान बाई न्यायानं वागणारी आहे, फक्त तिची स्वतःची बाग मोठी आहे, त्यामुळे तिचा न्याय त्या दिवशी जरा घाबरलेला होता. ऋचा एका टोपलीत सफरचंदं आणि हातात ती बाटली घेऊन उभी राहिली. बाटली न्यायला नको होती. बाटली पाहूनच पुढची रांग मागं सरकली.

तिनं माळेपासून सुरुवात केली. सुंदर सांगितलं. मी पाहत होतो, दोन-तीन जण खरोखर ऐकत होते. मग तिला वाटलं की लोकांना धीर द्यावा, आणि ती रोशनलालला म्हणाली, “काका, हे तुमच्यासुद्धा सफरचंदात आहे.”

“माझ्या?” रोशनलाल उठूनच उभा राहिला.

“सगळ्यांच्या. किन्नौरच्या, काश्मीरच्याही. प्रत्येक फळात असतं. संत्र्याच्या सालीत तर ढीगभर.”

समधीजी, तोवर एका चौहानाच्या बागेत ॲसिड होतं. त्या क्षणी ते सगळ्या पंचायतीच्या बागांत शिरलं. एक म्हातारी ओरडली, “अगं, मी नातवाला रोज किसून भरवते!” कुणी म्हणालं, हे फळांच्या मंडीत कळलं तर ट्रक खालीच थांबतील. कुणी म्हणालं, कळलं कशाला पाहिजे, सुनेला सोलनला पाठवा. ऋचानं टोपलीतलं सफरचंद उचललं आणि सगळ्यांसमोर कचकन चावलं. “बघा. मी खातेय.” तर रोशनलाल म्हणतो, “तुझं काय, तुला उतारा माहीत असणार.”

लोक हसले. ती तोंडातला घास चावायची थांबली. मी तिला लग्नानंतर इतक्या वेळा पाहिलंय, आजारी पाहिलंय, विक्रांतवर चिडलेली पाहिलंय, पण असा चेहरा पाहिला नव्हता. शिकलेल्या माणसाला कुणी खोटं म्हटलं तर तो भांडतो. तिला कुणी खोटं म्हणत नव्हतं. तिचं ऐकतच नव्हतं. मग माझं मला कळलं नाही आणि मी उभा राहिलो. म्हटलं, “थांबा. मला हे समजलेलं आहे.” आणि आणखी काहीतरी बोललो. ते काय बोललो ते सावकाश सांगतो. पण लोक गप्प बसले एवढं खरं, आणि सभा मोडली ती तेवढ्यावर.

घरी येताना ती म्हणाली, “बाबूजी, तुम्हाला खरंच समजलं होतं?” मी म्हटलं, “त्यात काय एवढं.” तिनं सकाळीच खोकी बांधायला काढली होती, हे मला तिच्या सासूबाईंनी नंतर सांगितलं. पुन्हा सीझनला इकडे यायचं नाही, नमुने दुसऱ्या कुणाच्या बागेतून घ्यायचे, असं ठरवून बसली होती. त्या संध्याकाळी तिनं खोकी परत सोडली आणि काचेच्या नळ्या एकेक पुसून घोडीत लावल्या. आता मला सांगा, मी खरं कधी बोलायचं?

गाव मात्र निवांत नव्हतं. शेवटी देवतेला विचारायचं ठरलं. पालखी बाहेर आली, वाजंत्री वाजली, आणि देवता ज्याच्या तोंडून बोलते त्या गूरच्या अंगात आली. (आमचा गूर एरवी वीजमंडळात मीटर वाचतो, पण अंगात आल्यावर तो तो नसतो.) प्रधान बाईनं हात जोडून विचारलं, “महाराज, सफरचंदात ॲसिड आहे की नाही?” देवता जरा घुमली. मग म्हणाली, “हे फळ माझ्या मागून आलं. मी आलो तेव्हा इथं कोदो पिकायचा. ज्यांनी लावलं त्यांना विचारा.” आणि पालखी आत गेली. आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत उभे. ज्यांनी लावलं ते आम्हीच.

आता पुढचं ऐका, कारण यापुढचं मला अजिबात समजलेलं नाही. मनचंदाजी परत आले. रुमाल नाही, उलट हातात मिठाईचा डबा. त्यांच्या सौभाग्यवती म्हणे तोंडाला जे महागडं क्रीम लावतात त्याच्यावर मोठ्या अक्षरात कसलंसं फळातलं ॲसिड लिहिलेलं आहे, आणि त्या ते लावून दहा वर्षांनी लहान दिसतात (हे मनचंदाजींचं मत, मी त्यांना पाहिलेलं नाही). ते म्हणाले, “चौहानसाहेब, लोक जे तोंडाला लावायला पैसे मोजतात, ते खायला नाही का मोजणार? ॲसिडवाला माल बाजूला काढा. दुसऱ्या कुणाला देऊ नका.”

तासाभरात रोशनलाल रस्त्यावर उभा राहून सांगत होता की आमच्यापेक्षा त्याच्या बागेत ॲसिड जास्त आहे, कारण त्याच्याकडे ऊन जास्त पडतं, म्हणजे अक्रोडाची सावली सोडून. म्हातारी म्हणाली, नातू उगाच नाही इतका गोरा. नेपाळी बायकांनी फडकी सोडून त्याच हातांनी गाल चोळायला सुरुवात केली. पंचायतीनं ठरवलं की यंदा प्रत्येक पेटीवर छापायचं, ‘कलोटीचं सफरचंद, ॲसिडनं भरपूर’.

आणि आपली मुलगी संतापली. गाव घाबरलं तेव्हा संतापली नव्हती, आता संतापली. “बाबूजी, सुटे मणी म्हणजे मऊ फळ! तुम्ही सगळे पेटीवर छापताय की आत मऊ सफरचंदं आहेत!” मी म्हटलं, मग माळ छापू. ती म्हणाली, माळ सगळ्याच सफरचंदांत असते. मी म्हटलं, हे मनचंदाजींना सांगू नकोस. ती म्हणाली, “विचारलं तर सांगणार.” प्रधान बाईनं हे ऐकलं आणि ती तर खुर्चीवरून उठलीच. आता येत्या रविवारी मनचंदाजी आणखी व्यापाऱ्यांना घेऊन येणार आहेत, पंचायतघरात कार्यक्रम आहे, कुणीतरी जाणकारानं या ॲसिडावर दोन शब्द बोलायचे आहेत. ऋचा बोलली तर खरं बोलेल, आणि खरं असं आहे की ते किन्नौरच्या सफरचंदातही आहे. मग आमच्या मालाला भाव कोण जास्त देईल? म्हणून जाणकार असा पाहिजे की ज्याला सगळं माहीत आहे असं वाटेल, पण जो सगळं सांगणार नाही.

असो. आपल्या मुलीची काळजी नसावी. ती ठीक आहे, जेवते, झोपते, आणि कुत्र्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलते. समधीणबाईंना नमस्कार. राजमा आणि सफरचंदांची एक पेटी बसनं पाठवतोय. पेटी आल्या आल्या उघडावी. या पत्राला उत्तर द्यायची काही गरज नाही, सहज लिहिलं.

आपला नम्र,
लायकराम चौहान

ता. क. सभेत मी उभा राहून जे बोललो ते सांगायचं राहिलं. मी म्हटलं, “मला हे समजलेलं आहे, कारण माझे समधी मास्टर तुलसीराम नेगी यांनी मला लग्नातच सगळं समजावून सांगितलं होतं. रामपूरच्या शाळेत त्यांचं सगळं आयुष्य या ॲसिडात गेलं. ऋचा शिकली ती त्यांच्याच मांडीवर.” त्यावर लोक गप्प बसले. आपला दरारा इथंपर्यंत आहे, समधीजी. रविवारच्या कार्यक्रमाच्या कापडी फलकावर आपलंच नाव छापून आलेलं आहे. मोठ्या अक्षरात आहे. फलक पंचायतघरावर लागलासुद्धा. तेव्हा शनिवारी मुक्कामाला यावं, ही हात जोडून विनंती. अर्धा तास बोललात तरी पुरे. ऋचा त्या दिवशी सोलनला जाणार आहे, तिला यातलं काही कळणार नाही.

ता. क. २. आपण शाळेत संस्कृत शिकवत होतात हे मला चांगलं ठाऊक आहे. पण इकडे ते कुणाला माहीत नाही. आणि मी खूप विचार केला, तर मला वाटतं त्यानं काम उलट सोपंच झालं. तो शब्द इतका लांब आहे की आपल्याच तोंडी शोभेल. आपण श्लोक म्हणावेत, अधूनमधून तो शब्द घालावा, शेवटी शांतिपाठ करावा. समजलं नाही म्हणून उठून जाणारं आमच्याकडे कुणी नाही.

ता. क. ३. पत्र बंद केलं होतं, परत उघडलंय. ऋचानं फलक पाहिला. मला वाटलं आता खोकी पुन्हा बाहेर निघणार. ती फलकासमोर उभी राहिली, आपलं नाव वाचलं, त्याखालचं ‘ॲसिड-तज्ज्ञ’ वाचलं, आणि इतकी हसली की तिथल्याच एका रिकाम्या पेटीवर बसली. डोळे पुसून म्हणाली, “बाबूजी, सभेत तुम्हाला काहीच समजलं नव्हतं ना?” मी म्हटलं, “नाही.” ती म्हणाली, “तरी उभे राहिलात.” आणि पुन्हा हसायला लागली. महिन्याभरात या घरात कुणी असं हसलं नव्हतं. आता ती सोलनला जात नाहीये. पहिल्या रांगेत बसणार म्हणते, आणि भाषण झालं की आपल्याला एक प्रश्न विचारणार. कुठला ते सांगत नाही. पण तिचे बाबा येणार म्हणून सकाळपासून मागची खोली झाडतेय, तेव्हा आपल्याला यायलाच पाहिजे. प्रश्न अडला तर फक्त मोठ्यानं खोकावं. मी लगेच चहा आत सोडीन.